पहिले नव्वद दिवस धरायचे नाहीत

१० मार्च, सोमवार
पप्पांचं अब्लेशन झालं. जांघेतून तार हृदयापर्यंत नेऊन ठोका बिघडवणाऱ्या जागा जाळल्या. डॉक्टर म्हणाले, शंभरातल्या सत्तर जणांना वर्षभर पुन्हा त्रास होत नाही. पप्पा तयार नव्हते. मीच हा आकडा सांगून नेलं. आपण सत्तरात आहोत. विषय संपला.
पहिले नव्वद दिवस आत सूज असते. त्या काळात ठोका चुकला तर निकालात धरत नाहीत. तरी कळवा, म्हणाले.
संकल्प: रोज सकाळी सातला छोट्या मशीनवर ईसीजी. दोन्ही अंगठे, तीस सेकंद. भावना नकोत, फक्त नोंद.

२ एप्रिल. दिवस २३
अनियमित, मिनिटाला १२४. धरायचा नाही. कळवलं नाही. जे धरायचंच नाही ते कळवायचं कशाला?

१९ एप्रिल. दिवस ४०
पुन्हा. वहीत 'कारण' असा रकाना वाढवला. आजचं कारण: म्हैस उधळली. आई म्हणाली, म्हस काल उधळल्या.

१२ मे. दिवस ६३
आठवड्यात चार वेळा. कारणं: चहा, ऊन, लाइट गेली, विठाबाई आत्या मुक्कामाला.
पप्पा दूध संस्थेत गेले होते. सव्वीस वर्षं तिथे फॅट तपासायचे. कुणाचं पॉइंटभरही वाढवून लिहिलं नाही. संस्थेला तीन पायऱ्या. दुसरीवर बसले. विचारलं तर म्हणाले, बरं हाय की. नोंद: बरं.

३१ मे. दिवस ८२
रोज. सूज उतरताना ठोका जास्त चुकत असावा. असं कुठे वाचलेलं नाही. तर्क आहे.
आज माझं जेवण राहिलं. कारण: काम.

८ जून. दिवस ९०
१३१. शेवटचा न धरायचा. आजच येऊन गेला ते बरं झालं.

९ जून, सोमवार. सकाळी ७.००
अनियमित, १२८.
७.०४. तेच.
७.१०. मशीनवर संशय. आमच्या फाउंड्रीत पार्ट रिजेक्ट करण्याआधी मापाचं गेज तपासतो, माप पक्कं ठाऊक असलेला खात्रीचा तुकडा लावून. घरातले खात्रीचे तुकडे: मी, नियमित, ९६. आई, नियमित, ७८. शेजारच्या चिमणाबाई दूध घालायला निघाल्या होत्या. त्यांनी पदराला अंगठे पुसून ठेवले. नियमित, ७२. पप्पांना म्हणाल्या, आजवर माझं कायबी मापात आलं न्हाय बाळासो, मशीन खराबच असणार.
कुणी हसलं नाही.
७.२५. पप्पा म्हणाले, निशे, फॅट कमी लागलं की ही चिमणा रोज मशीनला शिव्या द्यायची. मी काय म्हणायचो? मी त्यांचंच वाक्य म्हटलं, मशीन ठीक हाय, म्हस बघा. पप्पा म्हणाले, मग बघ की.
'कारण' रकाना रिकामा.

९.४०
हॉस्पिटलला फोन. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस होतंय? वही हातात होती. अडुसष्ट, म्हटलं. मग आज फोन करताय? त्यांनी विचारलं.
पप्पांनी फोन काढून घेतला. म्हणाले, डॉक्टरसाहेब, तिचं काय न्हाय, मीच तिला सांगिटलंवतं फोन करू नको म्हणून.

सायंकाळी ६
उद्या ॲडमिट. मशीन आणि वही आता आईकडे.