परत आलेली नऊ खोगिरं

सोमवार, ता. ९

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी इकडे खुशाल आहे. डोंगरावरचा ड्रॅगन अजून झोपलेलाच आहे, तेव्हा आईला सांगा, सारखी खिडकीशी जाऊन बघू नकोस. झोपेत धूर सोडतो आणि आमचे वाळत घातलेले कपडे काळे होतात, एवढाच काय तो त्याचा त्रास. माझी खाट दाराशी आहे, त्यामुळे येणारी-जाणारी प्रत्येक मुलगी माझे पाय तुडवून जाते. चिलखत खांद्याला घासत होतं, तिथे तुम्ही दिलेलं मऊ कातडं लावलं. आता बरं आहे.

तुमचं पत्र मिळालं. चारच ओळी. ‘चाळीस वर्षं शिवतोय, पण आता हाताला अंदाज राहिलेला दिसत नाही. कुणाच्या तरी पोरीचा जीव जाता जाता राहिला. खोगिरं बंद केली. पिशव्या करीन जमतील तशा.’

गेल्या तीन पत्रांत मी तुम्हाला नुसतं हवापाणी कळवलं. आज खरं लिहिते. बाबा, तुमचं खोगीर तुटलं नव्हतं.

आमच्यात एक ताडमाड मुलगी आहे. सगळे तिला उंट म्हणतात, तीसुद्धा स्वतःला तेच म्हणते. ती माझी जोडीदारीण. शिलेदारीच्या परीक्षेला आपला घोडा आपण सजवायचा नसतो, जोडीदारणीने सजवायचा. जिच्या हातावर जीव टाकता येत नाही तिच्यासोबत लढाईला जाऊ नये, असा इथला नियम. तिची करडी घोडी तुमचंच खोगीर घालून मी सजवली.

पोटाखालचा पट्टा आवळताना घोडा पोट फुगवतो. म्हणून एकदा आवळायचं, दहा पावलं चालवायचं आणि परत आवळायचं. हे तुम्ही मला अक्षरओळख व्हायच्या आधी शिकवलंत. मी एकदाच आवळला. घाईत विसरले म्हणाल, तर हो. पण उंट रिकिबीत पाय घालत होती तेव्हा मला आठवलं होतं. मी तोंडही उघडलं होतं. समोर परीक्षक बसलेले, मागे सगळ्या मुली. खोगीरवाल्याची पोर आणि पट्टा आवळायला विसरली, म्हणून हसतील असं वाटलं आणि मी गप्प बसले. म्हटलं, एवढ्याने काय होतंय.

पहिल्याच वळणावर खोगीर फिरून पोटाखाली गेलं. उंट पडली, तिचं खांद्याचं हाड मोडलं. घोडी उधळली, खोगीर दगडांवरून फरफटलं आणि शिवण उसवली. लोकांनी उसवलेली शिवण तेवढी पाहिली. ‘काम कच्चं आहे,’ म्हणाले. मी तिथेच उभी होते.

त्याच दिवशी इथली तुमची नऊच्या नऊ खोगिरं परत पाठवली. ती गाडीत चढवायला मीही हात लावला, बाबा. चोर उलट्या बोंबा तरी मारतो, मी तेवढंही केलं नाही.

उद्या शिलेदारीची शपथ आहे. आज सकाळी मी आम्हाला शिकवणाऱ्या मास्तरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, “शपथ झाल्यावर का नाही आलीस?”

मी म्हटलं, “तेव्हा आलेच नसते.”

त्यांनी उठून फळ्यावरच्या शपथेच्या यादीतलं माझं नाव पुसलं. खोगिरं मानाने परत मागवतो म्हणाले. मला ठेवायचं की काढायचं, ते वर्षभराने बघणार आहेत. तोवर तबेला.

मग उंटाकडे गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं, अंगावर ताट भिरकावेल. ती म्हणाली, “माझ्या हाडाचं मी बघते. तुझ्या बाबांचं काय? त्यांना कळवलंस?”

नव्हतं कळवलं. मास्तरांना सांगितलं, तिला सांगितलं, तुम्हाला सांगायला मात्र संध्याकाळ झाली. मास्तरांचं पत्र तुम्हाला येईलच. त्याआधी हे माझ्या हातचं पोचावं.

उद्या बाकीच्या शपथ घेतील तेव्हा मी त्यांचे घोडे धरून उभी असेन. त्याचं मला रडू येत नाही. तुम्ही सुई हातात घेऊन, आपली बोटं उजेडात धरून बघत असाल, ते सारखं डोळ्यांसमोर येतं आणि तिथे मात्र धीर सुटतो.

मला हवं ते बोला. लिहू नका, घरी आले तर दार उघडू नका, मी काही म्हणणार नाही. पण तुमच्या हातांना काहीही झालेलं नाही, बाबा. खोट माझ्या जिभेत होती.

माफी मागायला तोंड नसलेली,
तुमची
धाकटी