बेटावरच्या रोपाचा शेंडा

आप्पा, तुम्ही बेटावरून आणलेल्या रोपाचा शेंडा आपल्या शेळीनं खाल्ला नव्हता. तुम्ही मात्र तिचा जबडा उघडून बघितलात, मग धाकट्या काकांशी बोलणं टाकलंत, आणि शेवटी बेळगावच्या प्राध्यापकांनीच माणूस पाठवून कळी पळवली असं धरून बसलात. तुम्हाला वारून इतकी वर्षं झाली; संशय घ्यायची खोड तेवढी मला देऊन गेलात.

तुम्ही अंदमानात जंगलखात्यातले कारकून, पण बोरगावात निम्मं गाव कुजबुजायचं, काळ्या पाण्यावर कोण हौसेनं जातंय? त्यांची तोंडं बंद करायलाच तुम्ही एका निर्जन बेटावरचं ते रोप कुंडीतून आणलंत. हातभर पान, पालथ्या बाजूनं जांभळं. तुमच्या खात्यातल्या साहेबाच्या कुठल्याच पुस्तकात ते नव्हतं. पण फूल बघितल्याशिवाय नवी जात कुणी मानत नाही, आणि फूल आलं की साहेब तुम्हाला पुन्हा बेटावर नेणार, असं तुम्हीच जेवताना सांगितलंत. वाढता वाढता आईचा हात थांबला, तो मी पाहिला.

तुम्ही रोपावर कोंबड्या झाकायचं डालगं घालून ठेवायचात. कळी धरली तसे तुम्ही ती दाखवायला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांना आणायला सर्व्हिस मोटारीनं बेळगावला गेलात. त्यांना घेऊन आलात, डालगं उचललंत, तर शेंडाच नाही. बिचारे चहा पिऊन परत गेले. रोप त्या उन्हाळ्यात वाळलं आणि तुम्ही निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कारकुनी धरलीत.

तुम्ही वारल्यानंतरची सुगी. मी आणि आई तंबाखूचे शेंडे खुडतोय, हात चिकानं काळे झालेत. आई मान वर न करता म्हणते, "आप्पांच्या त्या रोपाचाबी मीच खुडला. शेंडा ठिवला तर पान पोसत न्हाय."

मला पटलं नाही. बियाण्यासाठी कुठल्या झाडांचे शेंडे राखायचे, हे आईला कधी कुणी सांगावं लागलं नव्हतं. मी विचारलं, खरंच पानासाठी? ती पुढच्या सरीला वळली.

"आप्पा घरात ऱ्हायलं, न्हवं?" एवढंच म्हणाली.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? तुमचं सगळं स्वप्न त्या कळीत होतं, ते मला ठाऊक होतं. तरी खरं सांगते, डालग्याखालचा तो बिनशेंड्याचा दांडा बघून मला बरं वाटलं होतं.