अण्णांची उजळणी

३ जून २०१९, लातूर
पाटी बदलली. कालपर्यंत ‘यशोदीप बॉइज हॉस्टेल’, आजपासून ‘यशोदीप स्मृती निवास’. पोरं नव्या इमारतींकडं गेली, गावात विसराळू म्हातारे वाढले. म्हातारे सांभाळणं आणि ‘नीट’ परीक्षेचे रिपीटर सांभाळणं यात मला तरी फरक दिसत नाही. वेळेवर उठवा, जेवू घाला, शिस्त लावा. पहिले रहिवासी आमचे अण्णा. घरच्या माणसापासून सुरुवात केली की लोकांचा विश्वास बसतो.

५ जून
संकल्प: दर्जाचं प्रमाणपत्र याच महिन्यात. समिती २१ला येणार.
लातूरनं अख्ख्या महाराष्ट्राला पाठांतर शिकवलं, मग चार म्हाताऱ्यांना स्वतःचं नाव पाठ होणार नाही? रोज चहानंतर टेस्ट. नाव, गाव, आजचा वार, मुलाचं नाव. निकाल फळ्यावर. अण्णा पहिले. वार चुकला, पण मुलाचं नाव (सुदर्शन, म्हणजे मी) खणखणीत.

९ जून
उदगीरच्या कमलम्मा पहिल्या. सगळी उत्तरं कन्नडमध्ये, एकदम आत्मविश्वासानं. तनुजाचं माहेर निलंग्याचं, सीमेवरचं, तिला कन्नड कळतं. ती म्हणते, ती उत्तरं नव्हती, शिव्या होत्या. बायकोला माझं यश बघवत नाही.
अण्णा अंथरूण घेऊन अंगणात जातात. त्र्याण्णवच्या भूकंपापासून छपराखाली झोपलेच नाहीत. औशाकडच्या आमच्या घराची भिंत माझ्यावर पडली होती, मी आठ वर्षांचा. अण्णांनी नुसत्या हातांनी दगड उकरून मला काढलं म्हणे. मला आठवत नाही. असो. रहिवासी बाहेर फिरले तर समिती मार्क कापेल. हॉलला बाहेरून कुलूप.

१२ जून
तनुजानं विचारलं, आग लागली तर? म्हटलं, चावी माझ्याकडं असते. तर म्हणे, आणि तुम्ही कुठं असता? टेस्टची वेळ झाली होती, फळा पुसायला घेतला.
मुलाचं नाव विचारल्यावर अण्णा माझ्याकडं बघत बसले. मी ओठ हलवून हिंट दिली. कॉपी झाली खरी, पण विद्यार्थी घरचाच.

१८ जून, नांदेड
वृद्धनिवास चालकांचं चर्चासत्र. माझा विषय ‘निवासी केंद्रातील सुरक्षितता’. दिलेल्या वेळेच्या दुप्पट बोललो. टाळ्या. तनुजाचे फोनवर फोन. व्यासपीठावर फोन घेणं बरं दिसत नाही.
जेवताना रुमालासाठी खिशात हात घातला. हॉलची चावी.

१९ जून, लातूर
तनुजानं काल दुपारी वेल्डर आणून कुलूप कापून घेतलं. लाईट गेली होती, पंखे बंद. बाकीचे पडून होते, अण्णा दाराशी. दोन्ही हातांनी दार उकरत होते म्हणे. नखं गेली, बोटांना पट्ट्या. तनुजा माझ्याशी बोलत नाही. दगदग झाली असेल.
समितीला तारीख पुढं ढकलायला सांगितली. कारण: तांत्रिक.

२१ जून
आज अण्णांची टेस्ट अंगणातच घेतली. हॉलचं दार नुसतं लोटलेलं. नाव विचारलं, गप्प. गाव विचारलं, गप्प. मी कोण? म्हणाले, वॉर्डनसाहेब. मग पट्ट्यांसकट हात जोडले. साहेब, दार उघडा की. माझं लेकरू आत हाय, भिंतीखाली. सुदर्शन हाय.
दार उघडून आत गेलो. बाहेर येऊन म्हटलं, अण्णा, सापडला. हा बघा.
अण्णांनी निरखून बघितलं. म्हणाले, तुम्ही न्हाई साहेब. ल्हान हाय त्यो.
रडू येईल असं वाटलं. आलं नाही.
मुलाचं नाव मात्र बरोबर सांगितलं होतं. फळ्यावर एक मार्क लिहिला.