आक्काची शपथ आणि अक्षतेचा दाणा

मखमलाबाद, नाशिक
३ नोव्हेंबर २००४

तीर्थस्वरूप आक्कास,

दोन्ही पाय जमिनीवर टेकवून धाकट्या मोतीरामचा शिरसाष्टांग नमस्कार. (नमस्कार करताना पाय जमिनीवरच असतात हे मला ठाऊक आहे, पण हल्ली माझ्या पायांचा कुणी भरवसा धरत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.) तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या ज्ञानेशने आणलेलं तेल लावतेस की फडताळात ठेवून नुसती त्याच्याकडे बघतेस? इकडे सगळे खुशाल. तुझ्या भावजयीचा, कलाबाईचा खोकला थांबला. झेंडू दसऱ्याला बरा गेला, राहिलेला दिवाळीसाठी राखलाय.

तुझं पत्र कोजागिरीला मिळालं. अक्षर ज्ञानेशचं होतं पण आवाज तुझाच. पुन्हा त्या विमानात बसलास तर माझ्या गळ्याची शपथ, असं तू लिहवून घेतलंस. आक्का, चौपन्न वर्षांच्या माणसाला अशी शपथ घालू नये गं. पण तू घातलीस, आणि मी पाळतोय. सात दिवस झाले, रोज सकाळी सायखेड्याच्या अलीकडच्या त्या माळावर जातो, विमानाचे पंख फडक्याने पुसतो आणि घरी येतो. तुझी भीती मला कळत नाही असं समजू नकोस. तात्या शेवग्यावरून पडून गेले तेव्हा तू सोळाची होतीस, मी चार वर्षांचा. त्यानंतर तू मला साध्या पेरूच्या झाडावर चढू दिलं नाहीस. (चढलो होतो. आता सांगायला हरकत नाही.) पण ज्ञानेश दसऱ्याला सोनं द्यायला आला तो अर्धवट ऐकून गेला, आणि तुमच्या वणीला पोचेपर्यंत त्यात आणखी दोन-तीन अपघात झाले असणार. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. वाचून मग काय ते ठरव.

हे सगळं सुरू झालं फुलांपायी. गेल्या चैत्रात एका देवळाच्या कळसावर विमानातून पुष्पवृष्टी करायची टूम निघाली आणि गुलाबाच्या पाकळ्यांची तीन पोती मी माळावर पोचती केली. विमान म्हणजे काय, तर दोन माणसांची उघडी खुर्ची, वर कापडी पंख आणि पाठीमागे फिरणारा पंखा; आपल्या द्राक्षवाल्यांचा फवारणीचा पंप याहून दणकट दिसतो. पाकळ्या टाकायला जो गडी ठरला होता तो विमान बघून पोटात दुखतंय म्हणाला आणि जो गेला तो गेलाच. माल माझा, नाव माझं जाणार, म्हणून मी बसलो. पुष्पवृष्टी म्हणावी तशी झाली नाही. पंखा पाठीमागे असतो हे मी विसरलो होतो; मूठभर पाकळ्या सोडल्या की त्यांचा गुलकंद होऊन शेजारच्या कांद्यावर पडायचा. कळसावर एकही गेली नाही. पण आक्का, खाली आपली गंगा-गोदावरी अशी चमकत होती, आणि बांधाबांधावरची भांडणं वरून मुळी दिसतच नव्हती. तीस वर्षं मी ह्याच मातीत वाकून फुलं तोडली आणि ती इतकी देखणी आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उतरलो तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्याने आलं असं मी सगळ्यांना सांगितलं.

मग मी रीतसर शिकायला लागलो. शिकवायला साधना मॅडम. वयाने आपल्या लेकीएवढ्या, पण बोलायला लागल्या की मला चौथीच्या गुरुजींची आठवण येते. त्यांचं म्हणणं, मला नवं शिकवणं सोपं होतं, जुनं विसरायला लावणं कठीण. आता बघ, ट्रॅक्टर वीस वर्षं हाकलेला. वेग वाढवायचा म्हटलं की डावा पाय आपोआप क्लच दाबतो. विमानाला क्लच नसतो. तिथे डावा पाय दाबला की विमान डावीकडे जातं. पहिले पंधरा दिवस मी धावपट्टी सोडून दर खेपेला डावीकडच्या मक्यात गेलो. मकेवाला शेवटी कणसं सोलूनच बसायला लागला. शिवाय मी दांडा कासऱ्यासारखा ओढायचो, विमान नाक वर करायचं आणि मी त्याला हो हो करत चुचकारायचो. मॅडम पाठीमागून शांतपणे सांगायच्या की काका, ह्याला ऐकू येत नाही. (हे त्या नंतर फिरवणार होत्या. पुढे येईल.)

आता खंडेनवमी. त्याच सकाळी मला पहिल्यांदा एकट्याने वर जायचं होतं. कलाबाईने घरी ट्रॅक्टर पुजला, पंप पुजला, विळे-खुरपी पुजली, आणि म्हणाली, तुमचं ते उडतं राहिलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. सहा महिने जिने त्या विमानाचं नाव घेतलं नव्हतं, ती आपण होऊन ताट घेऊन माळावर आली. मॅडम इंधन बघायला गेल्या होत्या. कलाबाईने झेंडूची माळ घातली (ती मॅडमनी नंतर काढायला लावली) आणि विचारलं, ह्याचं कपाळ कुठं? कपाळ नसतं, पण पुढे बोटभर नळी असते, वारा तिच्यातून आत जातो आणि किती वेगाने चाललोय ते समोरचा काटा दाखवतो. एवढं कोण समजावणार? मी म्हटलं, हे नाक, ह्यातून श्वास घेतं. तिने नाकाच्या टोकावर ओलं कुंकू लावलं आणि त्यावर अक्षता चांगल्या दाबून बसवल्या. निघून जाऊ नयेत म्हणून अंगठ्याने दाबल्या, आक्का. माझी काळजी होती ती.

मी उडालो. धावपट्टीवर पळताना काट्याकडे बघायचं असतं. मी उत्तरेकडे सप्तशृंगीच्या डोंगराकडे बघत होतो आणि आईचं नाव घेत होतो. पुरेसा वर गेल्यावर खाली बघितलं, तर काटा शून्यावर. इंजिन चालू, पंख धरलेले, पण काट्याच्या मते मी आभाळात जागच्या जागी उभा. आधी काट्यावर दोनदा टिचकी मारली. मग काय झालं कोण जाणे, भीती निघून गेली. छाटणी झालेल्या द्राक्षबागा खाली ओळीने निजल्यासारख्या होत्या, आपला झेंडू हळदीच्या डागाएवढा दिसत होता, कुठूनतरी चुलीचा धूर सरळ वर येत होता आणि माझ्यापर्यंत पोचायच्या आत विरत होता. मला कुठं पोचायचं नव्हतं. आयुष्यभर पहाटे चारला उठून फुलबाजार गाठणारा मी, पहिल्यांदाच कशालाही उशीर होत नव्हता. मला तात्या आठवले. वाटलं, शेवग्यावर ते नुसते शेंगांसाठी चढत नसतील. हे मी कुणाला बोललो नाही, तुलाच लिहितोय.

तेवढ्यात कानातल्या रेडिओवर मॅडम. मी काट्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, काटा विसरा. तारांचा आवाज ऐका. तो मवाळ झाला की नाक खाली करा." आणि खरंच, पंखाच्या तारा गुणगुणत होत्या. आवाज उतरला की मी नाक दाबायचो, चढला की उचलायचो. असा ऐकत ऐकत खाली आलो. एका उतरण्यात तीनदा उतरलो, पण डावा पाय दाबला नाही. मकेवाला उगाच उठून उभा राहिला होता.

मॅडमनी सुईने नळीतून अक्षतेचा दाणा काढला आणि तळहातावर ठेवून कलाबाईपुढे धरला. मला वाटलं आता संपलं. कलाबाई पांढरी पडली. दाण्याकडे बघून ती मॅडमना म्हणाली, "पुढच्या वर्षी चाकाला लावीन." ज्ञानेशने तुला हे सांगितलं नसणार, कारण दसऱ्याला मी इथवर सांगत येईपर्यंत तो जेवायला बसला होता.

तर असं आहे. तुझी शपथ माझ्यापेक्षा मोठी. तू नको म्हणालीस तर विमान सोडलं. एक अक्षर बोलणार नाही. गुडघ्यांना जप.

तुझा,
मोतीराम

ता. क. एक अक्षर बोलतो. लहानपणी शपथ घातली की सोडवायचीही रीत होती. ‘सुटली’ म्हटलं की सुटायची. आक्का, तेवढं ‘सुटली’ म्हण. तात्यांना तू थांबवू शकली नाहीस, त्यात तुझी चूक नव्हती. मी तारांचा आवाज ऐकतो. मला पडायचं नाही, नुसतं थोडा वेळ वर राहायचंय.

दुसरा ता. क. उत्तर लिहवून घ्यायची दगदग करू नकोस, आणि फोनवर तू रडतेस. लायसनच्या आधी मॅडम मागे बसून एकदा लांबवर जाऊन यायला लावतात. मी वणी मागितली आहे. येत्या रविवारी नको, त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी आठला शपथ सोडली असशील तर गच्चीवर तुझं हिरवं लुगडं पसरून वाळत घाल. मला वरून दिसेल.

तिसरा ता. क. कलाबाईने आत्ताच हे वाचलं. ती म्हणते, शपथ सुटली का ते बघायला विमानात बसलात तर शपथ तिथंच मोडली. तिच्या बोलण्यात तथ्य आहे. तेव्हा आक्का, लुगडं शनिवारीच वाळत घाल आणि रविवारी काढू नकोस, म्हणजे मी निघायच्या आत सुटलेली असेल. आणि नाहीच घातलंस, तर तेही मला वरूनच कळेल.