शंभरावी ओळ

सांगली,
बुधवार, १४ मार्च १९७९

प्रिय कृष्णात,

शनिवारी उंब्रजला तू बांधलेल्या नव्या टाकीखाली उभे होतो, तेव्हा तू विचारलंस, "शालन, बरं न्हाई का तुला? हात गार पडलाय." मी प्रवासाचं निमित्त सांगितलं. खरं म्हणजे मी सारखी वर बघत होते. टाकीत पहिल्यांदाच पाणी चढत होतं आणि खाली खांबांमध्ये तुझ्या आई घागर घेऊन रांगेत पहिल्या उभ्या होत्या. म्हणाल्या, "आता हिरीची पायपीट सुटली बग, पोरी. तुज्या मिशिनीचंबी त्यात पुण्य हाय म्हनं." मी त्यांना दंडाला धरून बाजूला आणलं. त्यांना वाटलं, पोरीला माया आली.

आपले कॉलेजातले दिवस आठवतात? कॉम्प्युटरवर एक अक्षर चुकलं, तरी प्रोग्रॅमची छिद्रं पाडलेली कागदी फीत पहिल्यापासून पुन्हा करावी लागायची. त्या वैतागातून मी एडिटर लिहिला. टेलिप्रिंटरवर ओळीचा नंबर द्यायचा, ती बदलायची, हवी तिथं नवी घालायची. दुरुस्त फीत मशीनच काढून द्यायचं. मला तो आपल्यापुरता ठेवायचा होता. तू म्हणालास, "लोणचं घालनार हायस का त्याचं? फोरट्रानवाल्यांच्या मंडळाला पाठव की." मंडळ म्हणजे फोरट्रान भाषेत प्रोग्रॅम लिहिणारी, पुण्यामुंबईपासून कानपूरपर्यंतची माणसं, ओळख फक्त पोस्टातून, आणि आपल्याजवळचं दुसऱ्याला द्यायचं एवढाच नियम. फिती गुंडाळताना मला भीती होती ती हसं होण्याची. बाईनं केलेलं कोण उघडून बघणार? झालं उलटंच. अठरा ठिकाणी तो वापरात आला. तू तर साताऱ्याच्या नोकरीतून रजा काढून इथं आलास आणि टाकीच्या गणिताचा सगळा प्रोग्रॅम त्याच्यावरच लिहिलास. तेव्हा मी किती मिरवले होते.

मग पुण्याहून मंडळाच्या नेमिनाथ पाटलांचं पत्र आलं. मधे नवी ओळ घातली की कधीकधी शंभरावी ओळ गळून पडते, असं त्यांनी अगदी सौम्यपणे लिहिलं होतं. मी करून पाहिलं. खरंच गळत होती. आणि प्रोग्रॅम अडत नाही रे, तो उत्तर देतो. नीटनेटकं छापलेलं, चुकीचं उत्तर. विभागप्रमुखांना सांगितलं तर ते दार लोटून म्हणाले, "आणखी कुणाला कळलंय का? नाही ना? मग गप्प बसा. कॉलेजची अब्रू जाईल, आणि तुमची नोकरी अजून कायम झालेली नाही." मी गप्प बसले. तुझ्या प्रोग्रॅमची छापील प्रत माझ्याच कपाटात होती, पण ती काढून बघायला मन धजेना. बघत नव्हते तोवर तुझं गणित बरोबर होतं.

सोमवारी अखेर काढली. शेजारी तुझ्या हस्ताक्षरातले कागद ठेवले आणि बोट ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. शंभरावी ओळ नव्हती. वाऱ्याचा जोर खांबांवरच्या भारात मिळवणारी ओळ. वळवाचे दिवस तोंडावर आलेले. मी तशीच तारऑफिसात धावले.

टाकी रिकामी केलीस, खांबांची जाडी वाढवून घेणार, ही तुझी तार काल कॉलेजच्या व्हरांड्यात मिळाली आणि मी तिथंच बाकावर बसून रडले. अठराही जणांना माझ्या सहीची पत्रं आज सकाळी पेटीत टाकली, कुणाला न विचारता. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. पण तुझ्या तारेच्या शेवटी एक प्रश्न होता, दोष कधी कळला? त्याचं उत्तर दोन शब्दांच्या तारेत लपवता आलं असतं, म्हणून हे पत्र. नेमिनाथांचं पत्र मला मंगळवारी, सहा तारखेला मिळालं. टाकी भरायच्या चार दिवस आधी. उंब्रजला मी आले, ती हे ठाऊक असतानाच आले होते, कृष्णात.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
शालन