पान एक्केचाळीस आणि माझी इतर मिळकत

मी, विश्वजित शांताराम टिपणीस, वय बावीस, धंदा मुनिरक्यातल्या एका दुकानात कंप्युटरवर टायपिंग, राहणार सरोजिनीनगर, नवी दिल्ली, हे मृत्युपत्र आज शनिवार, १५ मार्च १९९७ रोजी स्वखुशीने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते तापट आहे हे मान्य. पण तापलेलं डोकं आणि फिरलेलं डोकं यांत फरक आहे, तो वाचणाऱ्याने ध्यानात घ्यावा. कोणाचा दबाव नाही.

मृत्युपत्राचं कारण असं. उद्या मला दिल्ली छावणीत सुभेदार मेजर दिलीप शेडगे यांच्या घरी बोलावणं आहे. त्यांची मुलगी देवयानी. त्यांचं पोस्टकार्ड सोबत जोडलं आहे, मजकूर एवढाच: "रविवारी सकाळी अकरा. पुस्तक घेऊन येणे." माझा मित्र रिंकू म्हणतो, "यार, चाय पे बुलाया है." कार्डावर चहाचा उल्लेख नाही.

कलम १. घर माझं नाही. क्वार्टर सरकारचं आहे. नोएडात बाबांनी सोसायटीचा फ्लॅट घेतला आहे, तिथे लिफ्टच्या जागी अजून खड्डा आहे. त्याच्या नकाशावर बाबांनी पेन्सिलीने 'विश्वजितची खोली' लिहिलं होतं. मी कॉलेज सोडलं त्या दिवशी खोडलं. परवा नकाशा पुन्हा पाहिला. खोली परत आली आहे, या वेळी शाईने. ती माझ्यामागे बहीण विनया हिला मिळावी. शाई खोडू नये.

कलम २. कॉलेज. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला एका सरांनी माझी वही वर्गासमोर वाचून दाखवली. त्यात सर्किटं नव्हती, कादंबरी होती. वर्ग हसला. मी उठलो, त्यांच्या हातातून वही घेतली, आणि आजतागायत परत बसलो नाही. त्या सरांना मी माफ करत नाही. माझ्यामागेही कोणी करू नये.

कलम ३. त्या वहीचं पुस्तक झालं: 'पुढचा स्टॉप मुनिरका'. अकरावीतला मुलगा, त्याच्याच बसने जाणारी मुलगी, पहिलं प्रेम. दुकान बंद झाल्यावर मीच टाइप केलं, दोनशे प्रती छापल्या. यंदा संक्रांतीला इथल्या मराठी मंडळाची बस पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला गेली, तिथे मराठी फौजेला नमस्कार करून झाल्यावर परतीच्या वाटेवर मी पुस्तकं वाटली. घरी पोचेपर्यंत अर्धी बस माझ्याशी बोलत नव्हती आणि अर्धी वाचत होती. त्यानंतर त्रेचाळीस पत्रं आली. हीच माझी खरी मिळकत.

त्यातलं एक छावणीतल्या भीमाबाईंचं. त्यांना लिहितावाचता येत नाही. शेजारणीकडून रोज दोन पानं वाचून घेतली आणि तिच्याकडूनच लिहवून घेतलं: "पोरगं येडं हाय पण लबाड न्हाई." इतकं मोठं सर्टिफिकेट मला कोणत्याही कॉलेजने दिलं नसतं. हे पत्र फ्रेम करून बाबांच्या खोलीत लावावं. कॉलेज सोडल्यावर बाबा माझ्याशी आठ महिने बोलले नाहीत, पण त्यांच्या ऑफिसच्या बॅगेत माझं पुस्तक सापडलं. शाळेच्या पुस्तकासारखं ब्राउन पेपरचं कव्हर घातलेलं.

कलम ४. करोल बागेतले जयंत केळशीकर काका, निवृत्त अंडर सेक्रेटरी. बसमध्येच सर्वांसमोर म्हणाले, "अरे, त्या काला अंबला लाख माणूस पडलं, आणि तुझा नायक तिथे सहलीला जाऊन प्रेमात पडतो?"

मी म्हणालो, "काका, पडायचं तर मग तिथेच पडावं."

बस हसली. काका हसले नाहीत. नंतर सात पानी पत्र पाठवलं. मी मागच्या कव्हरवर 'लेखकाने शिक्षा अर्धी सोडली आहे' असं छापलं होतं. दिल्लीत वाढलो, शिक्षा म्हणजे शिक्षण असंच डोक्यात. काका लिहितात: "मराठीत शिक्षा तुरुंगात भोगतात. अर्धी सोडून जाणाऱ्याला फरार म्हणतात. पान बारावर प्रयत्नाऐवजी 'तिला हसवायची चेष्टा केली' म्हणतोस. बाळ, चेष्टा तू आमच्या भाषेची केली आहेस."

मी ते पत्र दोनदा फाडायला घेतलं. दोन्ही वेळा पुढचं पान वाचायचं राहिलं होतं म्हणून थांबलो. सातव्या पानाच्या शेवटी बारीक अक्षरात आहे: "शेवटी डोळ्यांत पाणी आलं. हे मंडळात सांगू नये." ते मी इथे सांगत आहे. हिशेब फिटला. माझा शब्दकोश काकांना द्यावा, कारण तो त्यांचाच आहे, मी परत केला नव्हता.

कलम ५. रिंकूला माझी स्कूटर. लिपी एकच असल्यामुळे त्याने माझं पुस्तक सरळ हिंदी समजून वाचलं, निम्मं कळलं, आणि त्या निम्म्यावर तो रडला.

कलम ६. आता पान एक्केचाळीस. तिथे नायक बसस्टॉपवर म्हणतो, "मला तुझ्याबरोबर सगळा संसार बघायचा आहे." मला म्हणायचं होतं जग. हिंदीत संसार म्हणजे जग. मराठीत संसार म्हणजे नवराबायको, चूल, भांडी, हे मला छापून झाल्यावर कळलं. सतरा जणांनी याच वाक्यावर लिहिलं. "अकरावीतलं पोर संसाराच्या गोष्टी करतं!" असं बारा जणांनी. "शेवटी एक तरी मुलगा मुद्द्याचं बोलला," असं पाच बायकांनी.

आणि अठरावं पत्र आलं, लाल शाईत, खाली नाव नाही:

"पान ४१. संसार म्हणजे जग नव्हे. पहाटे पाचला नळाला पाणी येतं तेव्हा कोण उठणार, हे रोज ठरवणं म्हणजे संसार. चूक सुधारा. नाहीतर सुधारू नका, आणि नीट विचारा."

नाव कशाला हवं? गाठ मारल्यासारखा तो 'ळ' मी ओळखतो. देवयानीचा नव्वद पानी प्रबंध त्याच अक्षरावरून मी टाइप केला होता. हवं त्याहून हळू. दोन वर्षं मी तिच्याशी पानाच्या समासापलीकडे काही बोललो नव्हतो. म्हणून तर वहीतली कादंबरी पुरी करून छापली. मी तिला नीट विचारलं. ती म्हणाली, "माझं उत्तर पत्रात आहे. आता बाबांना विचार." मी त्यांना पत्राने विचारलं, त्याचं उत्तर म्हणजे ते पोस्टकार्ड.

भीमाबाईंचं सोडून बाकीची बेचाळीस पत्रं, पुस्तकाच्या उरलेल्या प्रती आणि पुढे मी जे काही लिहीन ते सगळं देवयानीला.

साक्षीदारांची जागा रिकामी ठेवली आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असं जयंत काका सांगतात. त्यामुळे रिंकू स्कूटर की सही या विचारात आहे.

पुरवणी. रविवार, १६ मार्च, दुपारी दीड.

मी जिवंत आहे.

सुभेदार मेजर साहेबांनी बसा म्हटलं नाही. माझ्या हातातलं पुस्तक घेऊन थेट एक्केचाळीसवं पान काढलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो, सर."

"संसार म्हणजे काय?"

"लिहिलं तेव्हा दुनिया. आता कळलंय. पहाटे पाचला पाण्याला कोण उठणार, ते."

"कोण उठणार?"

"मी."

"कॉलेजातून उठलात तसे?"

डोकं तापलं. म्हणालो, "तसाच. तेव्हाही मला कोणी उठवावं लागलं नव्हतं."

आत भांड्याचा आवाज थांबला. मग देवयानीच्या आई म्हणाल्या, "अहो, पोराला बसू तरी द्या. पोहे निवतायत."

साहेबांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "बसा. जूनमध्ये पत्राने बी.ए.चा फॉर्म भरायचा. पत्रांची सवय आहेच तुम्हाला. डिग्री हातात आली की साखरपुडा."

त्यांना हे मृत्युपत्र खिशातून डोकावताना दिसलं. मागून घेतलं, सगळं वाचलं. "माझ्या घरी येताना हे करून आलात?" मी हो म्हणालो. तेव्हा ते जे हसले, ते ऐकून बाहेर स्कूटरवर थांबलेला रिंकू आत आला. पोहे बघून म्हणाला, "स्कूटर तू ही रख, यार," आणि पेन मागितलं.

मी कागद देवयानीपुढे धरला. तिने लाल पेनाने दोन वेलांट्या सुधारल्या, कलम सहा परत एकदा वाचलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

"साक्षीदाराला काही मिळत नाही ना? मग मी नाही सही करणार."

पेन साहेबांनी घेतलं.

हे मृत्युपत्र मी रद्द करत नाही. कलम पाच तेवढं गळलं. बाकीची अंमलबजावणी लांबली आहे, फार लांबली आहे.

लिहून देणार: विश्वजित शांताराम टिपणीस

आमच्यासमक्ष सही केली:
१. रिंकू, मुनिरका (पोहे मिळाले)
२. सुभेदार मेजर दिलीप शेडगे, मुलीचे वडील

स्थळ: दिल्ली छावणी
दिनांक: १६ मार्च १९९७