कावळा न शिवलेलं पान

१५ सप्टेंबर

आज सासूबाईंची नवमी. गच्चीवर एकाऐवजी दोन पानं! दिगंबरभाऊजींनी इंदूरहून येऊन विश्वासचंही पान वाढायला लावलं. म्हणे, "मनोरमा, धाकटा भाऊ गेला माझा. मान्य कर आता." विश्वास दोन वर्षांपूर्वी स्कूटर घेऊन बाहेर पडला. स्कूटर धरणाजवळ मिळाली, नवरा नाही. एवढ्यावरून 'गेला' कसं म्हणू मी?

कावळ्याने सासूबाईंचं पान फस्त केलं. विश्वासच्या पानाभोवती नुसता चालला, मान वाकडी करून बघितलं आणि उडाला. तीच खीर, तेच वडे!

"इच्छा अडकलीय त्याची," भाऊजी म्हणाले. अमावस्येला परत येणार, रीतसर श्राद्ध घालणार, मग माझं मंगळसूत्र उतरवणार. ठरवूनच टाकलंय सगळं. संताप होतो नुसता.

१६ सप्टेंबर

गुपचूप पुन्हा त्याचं पान वाढलं. कावळे आले, बसले, गेले. कामाला येणारी सुमित्रा हळूच म्हणाली, "दीदी, गिलहरी भी नहीं छू रही." खरंच, एक खारही फिरकली नव्हती.

१८ सप्टेंबर

कॉलेजात जुन्या ग्रीकांचा नियम शिकवला — एखादी गोष्ट असते किंवा नसते, मधलं काही नसतं. वर्गात आवाज नीट होता माझा. विश्वास आहे किंवा नाही. मधे आहे ते फक्त माझं न कळणं.

या ग्रीकांनीच सांभाळलं मला, नाहीतर ज्योतिषी आणि बुवांनी केव्हाच खाल्लं असतं. कुंडीखाली त्याच्यासाठी किल्ली ठेवायचे, तो वेडेपणा त्यांच्याच जोरावर सुटला.

भाऊजी म्हणतात, कावळा शिवतो तो फक्त गेलेल्याच्या पानाला. ठीक! असलं विधान खोटं पाडायला एक उलटं उदाहरण पुरतं. एखाद्या जिवंत माणसाच्या नावाने पान वाढून बघायचं.

२० सप्टेंबर, सकाळ

वाढलं! खुद्द भाऊजींच्या नावाने. वाईट दिसतं, पण हट्टाला पेटले होते. मोठ्यांदा "दिगंबर" म्हटलं आणि हात मागे घेते न घेते तोच कावळा झडपला. भाताचं शीतही ठेवलं नाही.

शेजारचं विश्वासचं पान तसंच.

हसूच आलं मला. धडधाकट माणसाचं पान खाल्लं! म्हणजे कावळ्याला काही कळत नाही. उद्या अमावस्येला भाऊजी आले की तोंडावर सांगते. मंगळसूत्राला हात लावू देणार नाही.

२० सप्टेंबर, दुपार

पुतण्याचा, वरुणचा फोन. "काकू, सकाळपासून तुझा फोन लागत नाहीये. बाबा पहाटे झोपेतच गेले गं."

पहाटे. पान मी नंतर वाढलं.

इंदूरला निघतेय. किल्ली कुंडीखाली ठेवलीय.